डाव्या खांद्याचा दस्ता : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४, फोंडा (गोवा)

रायफल घरी आली. फाइनवेर्कबाऊ ३००एस, जर्मन बनावटीची हवेची रायफल, बाजूच्या दांड्याने भरायची, ४.५ मिमी. वयाने माझ्याहून थोडी मोठीच असेल. क्लबातल्या एका ज्येष्ठ नेमबाजाने डोळे साथ देईनात म्हणून सोडली आणि मी उचलली. नळी आतून आरशासारखी आहे. अडचण एकच, तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, उजव्या खांद्याचा आणि मी डावखुरा. गाल टेकायचा उंचवटा नको त्या बाजूला, अंगठ्याची खाच नको त्या बाजूला. खांद्याला लावली की माझा गाल सपाट लाकडावर घसरतो आणि डोळा नेम धरायच्या मागच्या भोकाखाली जातो. मग मान वर ताणायची. दहा छर्‍यांनंतर मानेत चमक.

दस्ते बनवणाऱ्या एका गनस्मिथला, म्हणजे बंदुकांच्या कारागिराला, फोन केला. ४५,००० रुपये, चार महिने, निम्मे आगाऊ. हातापायाची मापं मीच घेऊन पाठवायची. इथेच माझं डोकं फिरलं. मापं मी घ्यायची तर लाकूड तरी दुसऱ्याने का तासायचं? वेर्ण्याच्या कारखान्यात अठरा वर्षं मेंटेनन्सला काढली आहेत, हातात कानस धरता येते. आई म्हणाली, "कपाटाचं दार दोन वर्षं लागत नाही, ते आधी कर." मुद्दा बरोबर होता म्हणून उत्तर दिलं नाही.

१९ मे

सुरुवातीलाच एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ऑफिसातले पोरगे विचारतात, "सगळी रायफलच घरी का नाही बनवत, परदेशात बनवतात ना?" अमेरिकेत बनवतात हे खरं. रेमिंग्टन ७०० किंवा जुन्या माउझरची ॲक्शन (भरण्या-उडवण्याचा लोखंडी भाग) घ्यायची, नळी एका कंपनीची, दस्ता दुसऱ्याचा, आणि हौसेने जुळवायचं. तिथेही नळीला आटे पाडणं, चेंबर (काडतूस बसायची जागा) कापणं आणि हेडस्पेस बसवणं ही कामं बहुतेक लोक गनस्मिथकडेच देतात. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बंद झाल्यावर काडतुसाला मागे किती जागा उरते ते म्हणजे हेडस्पेस. ते मोजायला 'गो' आणि 'नो-गो' असे दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दोन्हींतला फरक इतका बारीक की लेथवर आयुष्य काढलेला माणूसही श्वास रोखून काम करतो. चुकलं तर काडतूस फाटतं आणि नेमबाजाचं तोंड तर त्याच्या मागेच असतं.

आपल्याकडे हा प्रश्न येतच नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ : शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, बदलणं, सगळ्याला परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हौस म्हणून सांगितलं तर फौजदार चहा पाजेल असं समजू नये.

एअर रायफलचं वेगळं. २०१६ च्या नियमांत ४.५ मिमीपर्यंतची आणि २० जूलपर्यंतची हवेची बंदूक परवान्यात येत नाही. माझी क्रोनोग्राफवर मोजली : ०.५३ ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला १७८ मीटर, म्हणजे साधारण ८.४ जूल. दहा मीटरवरच्या कागदाला तेवढं पुष्कळ. तरी ठरवलं की लाकूड माझं, आणि ज्या लोखंडाने छर्रा सुटतो त्याला मी हात लावणार नाही. (हे ठरवणं किती टिकलं ते पुढे येईल.)

२६ मे

बांदोड्याला मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे. त्यांच्या शेडमध्ये लाकडाचा वास आणि रेडिओवर भजन. मी रायफलचा फोटो दाखवला तर ते फक्त दस्त्याकडे बघत राहिले, बाकी वस्तूशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

शिसवीवर माझा डोळा होता. मेस्तांनी एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "धरून उबो राव." दोन मिनिटांत दंड दुखला. नियमात रायफलचं वजन ५.५ किलोच्या वर जाता कामा नये, शिसवीने मी तिथे दस्त्यावरच पोचलो असतो. शिवण हलकी, वातावरणाने फारशी हलत नाही, पण नखाने ओरखडा उठतो. फणस मध्यम, कापताना हळदीसारखा पिवळा आणि वर्षभरात काळवंडून सुरेख तपकिरी. सागवान मला फुकटात मिळत होता: मामाचं घर पाडलं त्यातली तुळई, शंभर वर्षांची.

मेस्त म्हणाले फणस घे, माळ्यावर चार वर्षं सुकलेला आहे. मी म्हणालो सागवान. घरचा माल आणि वर शंभर वर्षांचा, आणखी काय सुकायचं राहिलंय? मेस्तांनी खांदे उडवले. ती खूण मी तेव्हाच वाचायला हवी होती.

९ जून

सागवान संपला. म्हणजे लाकूड आहे, पण दस्ता होणार नाही.

पहिल्यांदा बँडसॉला खिळा लागला. जुन्या तुळईत खिळा असणारच, मी चुंबक फिरवून दोन काढले होते. तिसरा तांब्याचा निघाला, त्याला चुंबक काय करणार. पातं गेलं, ते मेस्तांना भरून दिलं. दुसरी चूक मोठी. दस्त्याची सगळ्यात बारीक जागा म्हणजे ट्रिगरच्या मागे हात धरतो ती मान. लाकडाची रेषा तिथून लांबीने सरळ गेली पाहिजे. मी नक्षी छान दिसते म्हणून साचा असा ठेवला की मानेतून रेषा तिरकी आडवी गेली. कानस मारताना मान हातात आली. आवाजही फारसा नाही, सुकं बिस्कीट मोडावं तसा.

गनस्मिथच्या ४५,००० मध्ये काय काय येतं याचा हिशेब मी तोवर मजुरी अधिक लाकूड असाच करत होतो. त्यात त्याने आधी मोडलेल्या मानाही असतात.

मेस्तांना सांगायला गेलो. त्यांनी काही न बोलता माळ्याकडे बोट केलं. फणसाची फळी, ४,००० रुपये. मोडलेला सागवान त्यांनी शेडच्या कोपऱ्यात ठेवून घेतला.

२३ जून

पाऊस धो धो. बोरी पुलावरून येताना समोरचं दिसत नव्हतं. आज लाकडाला हात नाही, मातीला.

हाताच्या मुठीचा आकार कागदावर काढून जमत नाही. तळव्याचा फुगवटा कुठे बसतो, अंगठा आडवा ठेवायचा की उभा, ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर नव्वद अंशात येतं का, हे सगळं हातानेच कळतं. गल्लीतल्या चित्रशाळेत गणपतीचं काम सुरू झालंय. मूर्तिकार काकांकडून दोन मुठी चिकणमाती मागून आणली. मूळ दस्त्याच्या मानेवर थापली, डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि मूठ आवळली. सोडली तेव्हा पाचही बोटांचे ठसे. करंगळीखाली माती बाहेर आली होती, तिथे आधार हवा. पहिलं बोट मात्र मातीला नुसतं शिवलेलं, तसंच हवं. ट्रिगरच्या बोटाला लाकूड लागता कामा नये.

माती सुकवायला परत काकांकडे ठेवली. त्यांच्या मुलाने बघितलं आणि विचारलं, "हा कुठल्या देवाचा हात?"

सोबत घेतलेली मापं : दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंत ३३ सेंमी. मूळ दस्ता ३५ चा होता, म्हणजे इतके दिवस मी दोन सेंमी लांब रायफलला लटकत होतो. गालाचा उंचवटा १८ मिमी वर. टोकाची बट-प्लेट किंचित बाहेर, डाव्या छातीच्या बाजूला. ती वरखाली सरकणारी, जुनी, ५,५०० ला मिळाली.

७ जुलै

खाच पाडायचं काम. या रायफलीबद्दल जे माहीत नव्हतं ते इथे कळलं आणि मी तिच्या प्रेमात पडलो.

स्प्रिंगवर चालणाऱ्या हवेच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो, त्याचा धक्का मागे बसतो, आणि छर्रा नळीतून निघण्याआधीच सगळं हलतं. जर्मनांनी युक्ती अशी केली की ॲक्शन दस्त्याला घट्ट न आवळता रुळांवर बसवली. सुटताना नळीसह सगळं लोखंड काही मिलिमीटर मागे सरकतं. धक्का रुळांवरच जिरतो, खांद्याला कळतही नाही. याचा दुसरा अर्थ असा की लाकूड लोखंडाला कुठेही शिवता कामा नये. रूळ लाकडाला पक्के, वरचं सगळं मोकळं.

त्यासाठी रुळाची बैठक अगदी सपाट हवी. कारखान्यात आम्ही मार्किंग ब्लू वापरतो, पण ती बाटली रविवारी कुठून आणणार. आईने समईवर वाटी उपडी धरून काजळी धरून दिली, त्यात खोबरेल तेलाचा थेंब. रुळाला फासायचं, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथे काळं उमटलं तिथे उंच आहे, पटाशीने केसाएवढं काढायचं. परत दाबायचं. चाळीस वेळा तरी केलं. पहिल्यांदा दोन ठिपके उमटले, मग पाच, संध्याकाळी बैठकभर काळी चादर. तो क्षण मला कुठल्याही पैशाला विकायचा नाही. स्क्रूच्या जागी ॲल्युमिनियमची नळकांडी बसवली, टर्नरने ६०० घेतले, भोवती इपॉक्सी. म्हणजे स्क्रू आवळला तरी लाकूड चेपत नाही.

२१ जुलै

आज लिहायला लाज वाटते.

ट्रिगर जरा जड वाटत होता. हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पण स्क्रू समोर दिसतो, स्क्रूड्रायव्हर हातात असतो, आणि मेंटेनन्सवाल्याला घट्ट स्क्रू बघवत नाही. अर्धा फेरा, मग अजून थोडा. ट्रिगर लोण्यासारखा झाला. रायफल भरली, नळी खाली करून बट टेबलाच्या कडेला टेकवली, आणि बोट ट्रिगरपाशीही नसताना छर्रा सुटला. स्टूलच्या पायात घुसला. पायाशेजारी मांजर झोपलेलं होतं, ते उठलंही नाही. मी मात्र खाली बसलो.

दस्त्याची चूक झाली तर लाकूड मोडतं. ट्रिगरची चूक अशी बाहेर पडते. स्क्रू परत फिरवला नाही, कारण मूळ जागा कुठे होती तेच माहीत नाही. रायफल रिकामी करून बांधून ठेवली. आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, जाणार.

१ ऑगस्ट

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोनभोवती आठ जण. पॅरिस, ५० मीटर थ्री पोझिशन, स्वप्निल कुसाळे. गुडघ्यावर आणि झोपून झालं तेव्हा तो पदकाबाहेर होता, उभं राहून वर आला. ४५१.४, कांस्य. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासणारा. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं पदक १९५२ चं, म्हणजे महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला एकट्याच्या बळावर पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

सगळे त्याचा चेहरा बघत होते, मी दस्ता. गालाचा तुकडा, हाताखालचा टेकू, बट-प्लेट, सगळं सुटं, सगळं स्क्रूवर, मिलिमीटर मिलिमीटरने हलवता येणारं. धातूचे असे दस्ते आता सगळीकडे आहेत. पावसात फुगत नाहीत. घरी जाऊन फणसाकडे बघितलं तर तो मला जरा गावठी वाटला. आईला बोललो नाही.

११ ऑगस्ट

फुगला.

आतल्या खाचेत जुलैच्या सुरुवातीला दहाची नोट सिलिंडर आणि लाकडाच्या मध्ये सर्रकन सरकायची. आज पुढच्या भागात अडकली. चार वर्षं सुकलेला फणस, पण सुकला माळ्यावर उन्हाळ्यात, आणि मी त्याची आतली बाजू उघडी करून जुलैभर घरात ठेवली. गोव्याच्या जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. लाकूड ओलावा पितं आणि रुंदीने वाढतं, लांबीने नाही. म्हणून पुढच्या टोकाची भिंत आत आली.

परिणाम काय होतो तेही कळलं. ट्रिगरला हात न लावता फक्त ॲक्शन रुळावर हाताने सरकवून बघितली. मागे जाताना एका जागी खरखरते. प्रत्येक छर्‍याला ती वेगळी अडकणार, आणि नेम वरखाली पसरणार.

मेस्तांना फोन. "घाय कितें आसा? चवथ जावं दी." पाऊस कमी होऊ दे, मग काप, आता कापलंस तर जानेवारीत सैल होईल. बरोबर होतं. पण मी थोडा वेगळा विचार केला. भिंत दीड मिमी तशीही मागे घ्यायची, कारण तिथे लाकूड शिवण्याची गरजच नाही. आणि मग आतून पातळ इपॉक्सीचे दोन हात, म्हणजे ओलावा शिरायचं दारच बंद. दोघांचं मिळून झालं : मी चतुर्थीपर्यंत थांबलो.

७ सप्टेंबर

चवथ. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली. काम नाही.

२२ सप्टेंबर, कोल्हापूरहून परत

रात्रीच्या बसने घाट चढलो, बिल आणि क्लबाचं पत्र खिशात. आर्मरर वयस्क, चष्मा कपाळावर. मी ट्रिगरची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "सगळे करतात. तुम्ही सांगितलंत, बाकीचे म्हणतात आपोआप झालं."

ॲक्शन उघडली. आत एक मऊ बफर होता, पन्नास वर्षांत त्याचा चुरा झाला होता, पिवळा, चण्याच्या पिठासारखा. पिस्टनचं स्टीलचं कडं मात्र ठणठणीत. स्प्रिंग बदलली, बफर बदलला, ट्रिगर ११० ग्रॅमवर बसवला आणि रबरी हातोड्याने बटवर चारी बाजूंनी ठोकून दाखवला. सुटला नाही. ६,५०० रुपये. दोन तास शेजारी बसू दिलं, ते त्यात धरलं तर स्वस्तच. मी चिमट्याने तो चुरा कागदात गोळा केला आणि त्याचा फोटो काढला, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

दस्ता बघून म्हणाले, "मूठ छान बसवलीय. हे मला नसतं जमलं, तुमचा हात माझ्याकडे नाही ना." मग दस्ता उलटा करून मानेतली लाकडाची रेषा बघितली आणि मान डोलावली. सागवानाबद्दल मी बोललो नाही.

बसमध्ये झोप लागली नाही. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा इथे तोड्याच्या बंदुका घडवणारे कारागीर होते, आणि त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की हे बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या बंदुकांचं नातंही जाणकार याच घडणीशी जोडतात. आणि मी एक स्प्रिंग बदलायला घाट चढून आलो.

१३ ऑक्टोबर

आत इपॉक्सी, बाहेर जवसाचं तेल. फडक्याने थोडं लावायचं, तळव्याने गरम होईपर्यंत चोळायचं, दिवसभर ठेवायचं. आज सातवा हात. पहिले दोन दिवस फणस नुसता पीत होता, आता वर थांबायला लागलाय. पिवळा जाऊन मधाचा रंग आला. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून सुकवायचं. आईने दोरीवरून काढून जमीन पुसली, आता स्वयंपाकघराची लादी चकाकते.

मुठीवर चेकरिंग करायचा विचार सोडला. बारीक चौकटी कापायला जी नजर आणि जो धीर लागतो तो माझ्याकडे नाही. खरखरीत काचकागद चिकटवला, नेमबाज करतातच.

३१ ऑक्टोबर

गल्लीतला नरकासुर पहाटे जाळला. पोरांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याची बंदूक दिली होती. दस्ता उजव्या खांद्याचा. मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही.

१७ नोव्हेंबर

हवा कोरडी. शिकंज्यात बांधून दहा मीटर, पाच-पाच छर्‍यांचे चार गट. मूळ दस्त्यावर मेमध्ये भोक बाहेरून बाहेर ८ मिमी होतं. आज सर्वांत वाईट ७, चांगलं ६. यात बफरचा वाटा किती आणि लाकडाचा किती, सांगता येत नाही. माझ्या मते जास्त बफरचा. नोट सर्रकन सरकते. वजन ५.१ किलो.

मग उभं राहून साठ. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, त्याला मी कशाला नावं ठेवू. पण साठ छर्रे झाले आणि मान दुखली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

खर्च मांडला : फणस ४,०००, बँडसॉचं पातं ३,५००, पटाश्या २,२००, इपॉक्सी १,४००, टर्नर ६००, बट-प्लेट ५,५००, आर्मरर ६,५००. एकूण २३,७००, बसचं भाडं सोडून. तास १३० पर्यंत लिहिले, नंतर लिहिणं सोडलं. कारखान्याच्या ओव्हरटाइमच्या दराने धरले तर गनस्मिथ स्वस्त पडला असता. क्लबातली एक मुलगी, तीही डावखुरी, विचारत होती की मलाही करून द्याल का. मातीचा साचा कसा घ्यायचा ते दाखवतो म्हणालो. लाकडाला मेस्त आहेत, बाकीसाठी कोल्हापूरचा पत्ता दिला. तिच्या ट्रिगरला मी हात लावणार नाही हेही सांगितलं, तिने विचारलेलं नसताना.

येताना मेस्तांच्या शेडमध्ये डोकावलो. त्यांनी कोपऱ्यातून काहीतरी काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, आईसाठी. घरी उघडलं तर आदोळी, नारळ किसायची विळी. नवं पातं, आणि बसायचा पाट मामाच्या तुळईचा, माझ्या मोडक्या दस्त्याचा. गालाचा उंचवटा तसाच ठेवला होता, नुसता गुळगुळीत केलेला.

आईने त्यावर बसून अर्धा नारळ किसला. मग म्हणाली, "बरी आहे. पण डावीकडे कलते."